बसून खाण्याचा इतिहास

स्मरणिका समितीने माझ्याकडे सोसायटीच्या इतिहासावर लेख मागितला होता. पण भूमिपूजन, पाण्याची टाकी, लिफ्टचे टेंडर हा सगळा इतिहास आपल्या माजी चिटणीसांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तो त्यांनीच लिहावा. मी दुसरा इतिहास निवडला आहे. विषय आहे निवृत्त माणसाचा रिकामा दिवस आणि त्याबद्दल आपल्याला वाटणारी लाज.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा दुपारी आवारात चिटपाखरू नसायचे. सगळे गाडी पकडून मुंबईला. आज संध्याकाळी चारनंतर बाकावर जागा मिळत नाही. तेव्हाचे तरुण सभासद आता ज्येष्ठ नागरिक झाले. पण गंमत बघा, यांपैकी कुणालाही विचारा, ‘काय चाललंय?’ उत्तर ठरलेले: ‘अहो, वेळच मिळत नाही.’ ‘काही नाही, नुसता पडलो होतो’ असे कोणी म्हणत नाही. दुपारी अडीचला फोन केला आणि समोरचा आवाज झोपेतला वाटला, तरी तो लगेच सांगतो, ‘नाही नाही, झोपलो नव्हतो, जागाच होतो!’ दुपारची झोप ही जणू चोरी.

हे आपल्या हाडीमाशी मुरले आहे. शाळेच्या फळ्यावर सुविचार असे, ‘आळस हा माणसाचा शत्रू आहे’. पुढे सरकारी कचेऱ्यांत पाटी लागली, ‘आराम हराम है’. आणि घरातला सर्वांत बोचरा शब्दप्रयोग म्हणजे ‘बसून खाणे’. माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. निवृत्त झाल्यावरही पहाटे भोंगा झाला की ते उठून बसत. कुठे जायचे नसे, तरी आंघोळ करून, कपडे घालून तयार. आई म्हणायची, ‘अहो, पडा जरा.’ ते म्हणायचे, ‘बसून खायला बरं वाटत नाही.’ चाळीस वर्षे उभ्याने काम केलेला माणूस हे बोलत होता. म्हणून मला वाटले, ही टोचणी आली कुठून आणि ती खरी आहे का, हे एकदा तपासावे. बँकवाल्याची सवय, खाते जुळल्याशिवाय चैन पडत नाही.

सुरुवात आमच्याच एका कायद्यापासून करतो. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, सन १८८१. आम्ही बँकेच्या परीक्षांसाठी तो घोकला आहे. त्याचे पंचविसावे कलम सांगते की हुंडीची किंवा वचनचिठ्ठीची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी भरत असेल, तर ती आदल्या कामकाजाच्या दिवशी भरली असे समजावे. आणि सार्वजनिक सुट्टीत रविवार धरलेला आहे.

त्याच १८८१ साली हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी ॲक्ट झाला. त्यात सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी झाली. सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त नऊ तास काम आणि महिन्यातून चार सुट्ट्या ठरल्या. मोठ्या माणसांसाठी काय? काही नाही. ना तासांची मर्यादा, ना सुट्टी. म्हणजे एकाच वर्षी झालेल्या दोन कायद्यांत कागदाच्या हुंडीला रविवार होता, पण साच्यावर उभ्या असलेल्या माणसाला नव्हता.

मुंबईच्या गिरण्या त्या वेळी उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालत. विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे उन्हाळ्यात दिवस मोठा तर पाळीही मोठी. रविवारी यंत्रे साफ करायला बोलावणे असेच. याविरुद्ध उभे राहिले नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८ चा, आपल्या ठाण्याचा. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक. ते स्वतः एका गिरणीत स्टोअरकीपर होते, त्यामुळे कामगाराचे हाल त्यांना वाचून नव्हे, बघून माहीत होते. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांची सभा झाली आणि मागण्यांचा अर्ज तयार झाला. त्यावर सुमारे साडेपाच हजार सह्या होत्या. मागण्या वाचल्या तर आज आश्चर्य वाटेल. आठवड्याला रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झाल्यास भरपाई. ‘एवढेच काम’ म्हणून त्यांनी काय मागितले ते पाहा!

रविवार मिळायला त्यानंतर जवळजवळ सहा वर्षे लागली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषण केले. शेवटी १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. लोखंडे १८९७ च्या प्लेगमध्ये गेले. आपण रविवारी आठपर्यंत लोळतो, त्या लोळण्यामागे एवढा हिशेब आहे.

रविवार झाला, आता निवृत्तीचे पाहू. वय झाले की काम थांबवावे आणि तरीही महिन्याला पैसे यावेत, ही कल्पना सर्वसामान्य कामगारासाठी कायद्यात प्रथम आणली जर्मनीने, १८८९ साली, बिस्मार्कच्या काळात. वर्गणी कामगाराची आणि मालकाची, वर सरकारची भर. वय मात्र सत्तर! तोवर टिकणारे कामगार थोडेच. १९१६ मध्ये ते पासष्टवर आणले गेले.

आपल्याकडे इंग्रज सरकार आपल्या नोकरांना पेन्शन देत असे, पण ती मेहेरबानी म्हणून. १८७१ च्या पेन्शन कायद्यात तर पेन्शनसाठी दिवाणी कोर्टात दावाच लावता येत नाही अशी तरतूद होती. बरोबर शंभर वर्षांनी, १९७१ मध्ये, देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पेन्शन ही सरकारच्या मर्जीवरची खैरात नाही, तो नोकराचा हक्क आहे. आणि १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्याचा निकाल लागला. सरन्यायाधीश होते आपले यशवंतराव चंद्रचूड, निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती धी. अं. देसाई यांनी. पेन्शन म्हणजे पूर्वी केलेल्या सेवेचा मोबदला, हे त्यात पुन्हा ठामपणे सांगितले गेले. १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन म्हणून पाळतात तो यामुळे.

वडिलांना पेन्शन नव्हती. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळाली, ती बहिणीच्या लग्नात आणि गावच्या घराच्या पत्र्यांत गेली. त्यांना बसून खाण्याची लाज वाटत होती, कारण ते खरोखरच मुलांच्या हाताकडे बघत होते. आम्हा बँकवाल्यांनाही बरीच वर्षे फंडच होता. २९ ऑक्टोबर १९९३ च्या करारानंतर, १९९५ च्या नियमांनी, पेन्शन आली. तीही फुकट नाही. फंडातला बँकेचा वाटा सोडून देऊन आम्ही ती घेतली. म्हणजे दर महिन्याला खात्यात जमा होते ती रक्कम माझीच आहे, तरुणपणी बाजूला ठेवलेली. मुदत भरलेली ठेव काढताना कोणी खाली मान घालतो का? मग मुदत भरलेला दिवस खर्च करताना का घालावी?

हा हिशेब जुळल्यापासून मी निर्धास्त झालो. साडेसातला उठतो. पेपर पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचतो. दुपारी जेवून वामकुक्षी, आणि फोन आला तर स्पष्ट सांगतो, ‘झोपलो होतो, पाचला करा.’ पावसाळ्यात गॅलरीत बसून समोरच्या जांभळावरचे पोपट बघण्यात दीड तास जातो. त्यातून काही निष्पन्न होत नाही. व्हायला पाहिजे, असेही नाही. नातवंडांना आणायला जाणे, वीजबिल भरणे, ही कामे आहेतच, पण त्यांची यादी कोणाला वाचून दाखवत नाही.

तरी खात्यात एक नोंद जुळत नाही. लोखंड्यांचा रविवार आपल्या आवारात सगळ्यांपर्यंत पोचलेला नाही. घरातल्या बाईला निवृत्तीचे वय नाही. आमच्याकडे रविवारी संध्याकाळी स्वयंपाकघर बंद असते आणि सौ. त्या वेळी काय करते हे मी विचारत नाही. तो प्रश्न ज्याने त्याने घरात सोडवावा. पण आपल्याकडे धुणीभांडी, पोळ्या करायला येणाऱ्या बायका आहेत. त्या रविवारीही येतात, उलट रविवारी पाहुणे म्हणून भांडी जास्त. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांना आठवड्यात सलग चोवीस तास विश्रांती मिळावी असा करार केला. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. आपल्या सोसायटीला मात्र त्यासाठी दिल्लीची वाट पाहायचे कारण नाही.

बायका आल्या नाहीत तर आपण म्हणतो, ‘आज खाडा केला.’ कितीतरी घरांत महिन्याला दोन खाडे माफ, तिसऱ्याला पगार कापतात. १८८१ च्या कायद्याने गिरणीतल्या पोरांनाही महिन्याला चार सुट्ट्या दिल्या होत्या. तेव्हा रौप्यमहोत्सवी वर्षात माझी एक सूचना आहे आणि ती मी येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत लेखी मांडणार आहे. प्रत्येक घराने कामवाल्या ताईंना महिन्याला चार भरपगारी सुट्ट्या द्याव्यात, आणि आपल्या वॉचमनना पाळीपाळीने आठवड्याची सुट्टी मिळेल एवढा बदली माणसाचा खर्च मेंटेनन्समध्ये धरावा. अनुमोदक हवा आहे. दुपारी दोन ते पाच सोडून केव्हाही भेटावे.