रस्त्याच्या पाटीवरील जुने नाव

सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी वस्तीची वळणदार छपरे परंपरागत असावीत, असा पाहणाऱ्याचा ग्रह होतो. वस्तुतः ती १९०६ च्या भूकंपानंतरची आहेत. चिनी मजुरांना १८८२ च्या कायद्याने देशाची दारे बंद झालीच होती. आता ही वस्तीही शहराच्या दक्षिण टोकास हलविण्याचा घाट घातला गेला. तेव्हा लुक टिन एली प्रभृती व्यापाऱ्यांनी गोऱ्या ग्राहकांचे मन वेधील अशी पुनर्रचना आरंभिली. सिंग चाँग इमारत उभारणारे रॉस व बर्ग्रेन मात्र चिनी नव्हते! स्वकीयांची खूण पाट्यांवरच शोधावी लागते. भूकंपानंतर येथील ड्यूपाँट रस्त्याचे ‘ग्रँट अ‍ॅव्हेन्यू’ असे नामांतर झाले. पाटीवरील इंग्रजी अक्षरे तेच सांगतात. त्याखालील चिनी अक्षरांत मात्र ‘ड्यूपाँट’ हेच नाव, कँटोनी उच्चारास अनुसरून, आजही वाचावयास मिळते.