इलेक्ट्रॉनीय माहिती-विनिमय, व्यापारातील

इलेक्ट्रॉनीय माहिती-विनिमय, व्यापारातील : खरेदी-आदेश, प्रेषण-सूचना, बीजक इ. व्यापारी दस्तऐवज कागदावर न पाठविता, उभय पक्षांस मान्य अशा ठराविक रचनेच्या संदेशांच्या रूपाने एका संस्थेच्या संगणकातून दुसऱ्या संस्थेच्या संगणकात पाठविण्याची पद्धती. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती ‘ईडीआय’ या नावाने ओळखली जाते. तार माणूस वाचतो व तिच्यातील त्रुटी समजुतीने भरून काढतो. येथे संदेश संगणक वाचतो व त्यावरून थेट साठ्याच्या आणि हिशेबाच्या नोंदी करतो. म्हणून मजकुरातील प्रत्येक घटकाचे स्थान व अर्थ आधीच ठरवावे लागतात. या पद्धतीचा इतिहास हा बव्हंशी अशा ठरावांचा आणि ते कोणी कोणावर लादले याचा इतिहास आहे.

तिचा उगम संगणकाच्या व्यापारी वापरापूर्वीचा आहे. जून १९४८ मध्ये सोव्हिएट रशियाने पश्चिम बर्लिनकडे जाणारे भूमार्ग व जलमार्ग रोखले, तेव्हा पाश्चात्त्य दोस्त राष्ट्रांनी सप्टेंबर १९४९ पर्यंत अन्न, कोळसा इ. सु. २३ लाख टन माल विमानांनी तेथे पोहोचविला. निरनिराळ्या नमुन्यांच्या व भाषांतील मालयाद्यांमुळे या वाहतुकीत गोंधळ होई. अमेरिकी सैन्यातील एडवर्ड ए. गिल्बर्ट व त्याचे सहकारी यांनी टेलेक्स, बिनतारी दूरमुद्रक किंवा दूरध्वनी यांपैकी कशानेही पाठविता येईल अशी प्रमाण मालयादी तयार केली. पुढे ड्यू पाँट या रसायन-कंपनीत असताना, १९६०–७० या दशकात, गिल्बर्टने कंपनी व तिचा माल वाहणारी संस्था यांच्यातील संदेशांसाठी हीच कल्पना राबविली. १९६८ मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वाहतूक माहिती समन्वय समिती स्थापन झाली. तिने १९७५ मध्ये आपली पहिली मानके प्रसिद्ध केली. १९७९ मध्ये अमेरिकी राष्ट्रीय मानक संस्थेने नेमलेल्या समितीने ‘एक्स-१२’ ही सर्व उद्योगांना लागू पडणारी मानके विकसित केली. ब्रिटनमधील किरकोळ व्यापारात १९८२ पासून ‘ट्रेडाकॉम्स’ हे स्वतंत्र मानक रूढ झाले. या भिन्नतेवर उपाय म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने ‘एडिफॅक्ट’ ही पद्धती निर्माण करण्यात आली. तिची वाक्यरचना १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक क्र. ९७३५ म्हणून मान्य झाली.

किती बारीकसारीक बाबी ठरवाव्या लागतात याचे उत्तम उदाहरण म्हणजे दिनांक. ५/६ हा दिनांक अमेरिकी व्यापारी ६ मे असा, तर यूरोपीय व्यापारी ५ जून असा वाचील. एडिफॅक्टमध्ये दिनांकाबरोबर त्याच्या लेखनपद्धतीचा संकेतांकही पाठवितात, उदा., १०२ हा संकेतांक असल्यास प्रथम चार अंकी वर्ष, मग महिना व शेवटी दिवस असतो. मोजमापाचेही तसेच. ‘१२’ म्हणजे बारा नग की बारा खोकी, हे पूर्वी कारकून अनुभवाने ओळखीत असे. संगणकास ते एककाच्या संकेतांकाने सांगावे लागते. कारकुनाच्या डोक्यातील हे अलिखित ज्ञान लिहून काढणे, हा या पद्धतीतील सर्वांत कष्टाचा भाग होय.

संदेश पोहोचविण्याचे काम प्रथम खाजगी मूल्यवर्धित जाळी करीत. प्रत्येक ग्राहकासाठी त्यांच्याकडे टपालपेटीसारखी जागा असे व संदेशांच्या आकारमानानुसार आकार घेतला जाई. मोटारनिर्माते व किरकोळ विक्रीच्या मोठ्या साखळ्या यांना हा खर्च सहज पेलत असे, कारण त्यांचा साठा व कारकुनी वेतन दोन्ही घटत होते. पुरवठादारांची स्थिती वेगळी होती. मोठ्या खरेदीदाराने ही पद्धती व्यवहाराची अट केल्यावर लहान कारखानदारापुढे ती स्वीकारणे वा ग्राहक गमावणे एवढेच पर्याय राहिले. शिवाय एक्स-१२ सारख्या समान मानकातही प्रत्येक खरेदीदार आपल्या खास अटी घालीत असे. अनेक लहान पुरवठादार आलेला संदेश छापून घेत आणि तोच मजकूर आपल्या हिशेबात पुन्हा हाताने भरीत. कागद वाचविण्यासाठी निघालेली पद्धती त्यांच्याकडे कागद वाढवूनच गेली. इंटरनेटमुळे जाळ्यांचा खर्च टाळता येऊ लागला. वॉलमार्टने २००२ मध्ये पुरवठादारांना इंटरनेटवरील ‘एएस-२’ पद्धती वापरण्यास सांगितले, तेव्हाही पुढाकार खरेदीदाराचाच होता.

कागद व सही नसलेला करार न्यायालयात टिकेल काय, ही शंका दीर्घकाळ होती. उभय पक्ष प्रथम कागदावर विनिमय-करार करून ती टाळीत. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा आयोगाने १९९६ मध्ये आदर्श कायदा तयार केला. त्याच्या आधारे भारताने माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० संमत करून इलेक्ट्रॉनीय अभिलेखांस कायदेशीर मान्यता दिली. तत्पूर्वी १९९५ मध्ये दिल्लीच्या सीमाशुल्क कार्यालयात आयात-निर्यातीच्या कागदपत्रांसाठी अशी पद्धती प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली होती. पुढे न्हावा शेवा धरुन इतर प्रमुख बंदरांत तिचा विस्तार झाला.

भारतात बीजकाच्या बाबतीत अट घालणाऱ्या खरेदीदाराची जागा शासनाने घेतली. वस्तू व सेवा कराखाली १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटी रुपयांहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना, इतर व्यापाऱ्यांस द्यावयाची बीजके एकाच प्रमाण नमुन्यात शासकीय संकेतस्थळावर नोंदविणे सक्तीचे झाले. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरवून १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आणण्यात आली. नोंदणी झालेल्या बीजकास विशिष्ट संदर्भांक मिळतो. खरेदी-आदेश व प्रेषण-सूचना या योजनेच्या कक्षेत येत नाहीत. त्यांचे स्वरूप खरेदीदार व पुरवठादार यांच्यातील करारानेच ठरते.