न्हाणीघराची मोरी

मनुष्यानें घरांत पाणी कसें आणिलें, याचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. तें पाणी घराबाहेर कसें घालविलें, याचा विचार मात्र मोरी तुंबल्याखेरीज सहसा कोणी करीत नाहीं. तथापि मोरीचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. तुंबणें हा मोरीचा धर्मच होय. चांगली मोरी म्हणजे कधींही न तुंबणारी नव्हे, तर उघडून साफ करतां येणारी.

सिंधमधील मोहेंजोदडो येथें १९२२ पासून झालेल्या उत्खननांत सुमारें साडेचार हजार वर्षांपूर्वींचीं स्नानगृहें सांपडलीं. त्यांची जमीन भाजलेल्या विटांची व एका कोपऱ्याकडे उतरती असे. तेथून निघालेलें पाणी गल्लींतील झांकलेल्या गटारांत जाई. गटारांवरील विटा व फरशा उचलतां येत, आणि मधून मधून गाळ बसण्यासाठीं कुंडें बांधिलेलीं असत. गाळ येणारच, हें तेथील गवंड्यानें गृहीत धरिलें होतें.

ठाणें जिल्ह्यांतील मुरबाड तालुक्यांत धसई हें गांव आहे. अशा गांवांतील जुन्या घरांची न्हाणी याहूनही साधी. मागील दारीं उताराची दगडी फरशी, आणि पाणी जावयाचें तें परसांतील केळींच्या किंवा अळवाच्या वाफ्यांत. अंगास शिकेकाई वा उटणें. पाण्याची वाट आंखूड आणि उघडी. कांहीं अडकलेंच तर खराट्याच्या एका फटकाऱ्यानें ती मोकळी होई.

शहरांत हें शक्य नव्हतें. मुंबईस १८६० मध्यें विहार तलावाचें, १८७९ मध्यें तुळशीचें आणि १८९२ मध्यें तानसाचें पाणी आलें. हा तानसा तलाव मुरबाडच्या शेजारच्या शहापूर तालुक्यांतील. डोंगरांतील पाणी नळानें शहरांत पोहोंचलें. परंतु तें निघून जाण्याची सोय त्याच वेगानें झाली नाहीं. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं प्लेगचें निदान केलें, तेव्हां अधिकाऱ्यांचा संशय गटारांवर गेला, व त्यांत समुद्राचें पाणी आणि कार्बोलिक ॲसिड ओतण्याचा सपाटा सुरू झाला. हा संशय बरोबर नव्हता. उंदरांवरील पिसवांमुळें प्लेग पसरतो, हें पॉल-लुई सिमाँ यानें १८९८ मध्यें दाखविलें. गटारांची उपेक्षा मात्र खरीच होती.

गटाराची दुर्गंधि घरांत शिरूं नये म्हणून अलेक्झांडर कमिंग या लंडनच्या घड्याळजीनें १७७५ मध्यें शौचकूपाच्या नळीस बांक देऊन त्यांत पाणी अडवून ठेवण्याची युक्ति काढिली. याच तत्त्वावर स्नानगृहाच्या जमिनींत बसविलेल्या पात्रास भारतांतील बांधकामशास्त्रांत ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. मराठी न्हाणी अशा रीतीनें इंग्रजी ग्रंथांत जाऊन बसली! हें पात्र दुर्गंधि अडवितें, तसेंच केसही अडवितें. जड पाण्यांतील चुना साबणाशीं मिळून न विरघळणारी कीट बनते, ती केसांस चिकटते, आणि मोरी तुंबते. जुन्या घरांत अशा वेळीं प्रथम जाळी काढून तारेच्या आंकड्यानें केस ओढून काढावे व मग धुण्याचा सोडा टाकून कढत पाणी सोडावें. तीव्र आम्लानें जुना लोखंडी नळ मात्र खाल्ला जातो.

घरची मोरी अशी हातानें मोकळी करतां येते. रस्त्याखालचें गटार उघडण्याचें काम मात्र पिढ्यान्‌पिढ्या कांहीं ठराविक जातींच्या माथीं मारण्यांत आलें. संरक्षक साधनांवांचून माणसास गटारांत उतरविणें २०१३ च्या कायद्यानें गुन्हा ठरविलें; तरी गुदमरून होणारे मृत्यु थांबलेले नाहींत. मोहेंजोदडोच्या गवंड्यानें वरची फरशी उचलण्याजोगी ठेविली होती. आंत माणूस न उतरवितां साफ होईल असें गटार बांधणें, हें काम त्यानंतर साडेचार हजार वर्षांनींही पुरें व्हावयाचें आहे.