नागपूरची गाडी, साल १८९३

साल १८९३. गाडी नागपूरहून राजनांदगावकडे निघाली आहे आणि खिडकीजवळची जागा तुम्हाला मिळाली आहे. कोळशाचे कण डोळ्यांत जातात म्हणून तुम्ही उपरणं तोंडावर ओढून घेता. समोर तिशी ओलांडलेला एक कोकणस्थ ब्राह्मण बसलाय: नारायण वामन टिळक. लोकमान्य नव्हेत, हे कवी. राजनांदगावला नोकरीसाठी चाललेत. त्यांच्याच डब्यात एक गोरा साहेब आहे.

साहेब आता गुरगुरेल, या देशी माणसांना डब्यातून उठवेल, असं तुम्हाला वाटतं. त्या काळात असं वाटण्यात वावगं काही नाही. पण तो अदबीनं बोलायला लागतो, तेही संस्कृत काव्यावर. टिळकांचा चेहरा बघा! काव्याचा विषय निघाला की या माणसाला तहानभूक राहत नाही. साहेब त्यांना बोलू देतो, ऐकतो. धर्माचा विषय निघतो तो त्यानंतर. मग तो बायबलमधला ‘नवा करार’ काढून टिळकांच्या हातात ठेवतो आणि वाचाच म्हणून गळ घालतो. वर भाकीतही करतो, की दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल.

हे भाकीत मला आगाऊपणाचं वाटतं. तुम्हालाही वाटेल. पण बाकीचं त्याचं वागणं टिपून ठेवा. पुस्तक जवळ होतं. सहप्रवासी पुन्हा भेटण्याची शक्यता जवळजवळ नव्हती, त्यामुळे ‘पुढच्या खेपेला बोलू’ म्हणायची सोयही नव्हती. साक्ष द्यायची तर आजच, याच डब्यात. आपल्याकडचे ख्रिस्ती लोक सुवार्तेसाठी सभा ठरवतात, मांडव घालतात, आणि एसटीत शेजारी बसलेल्या माणसाशी मात्र तासभर हवापाण्यापलीकडे बोलत नाहीत.

तरी सगळं श्रेय साहेबाला देऊ नका. टिळकांच्या मनात धर्माची घालमेल आधीपासून होती. स्वतःचा नवा धर्म काढावा, इथवर त्यांची मजल गेली होती. वाचीन असा शब्द दिला म्हणून ते नेमानं वाचायला बसतात, हातात पेन्सिल घेऊन. डोंगरावरच्या प्रवचनापाशी येतात आणि पुस्तक खाली ठेववत नाही.

१० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दोन वर्षांचं भाकीत खरं ठरलं म्हणून टाळ्या वाजवण्यापूर्वी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ उघडा. त्या पुस्तकात टिळकांच्या या निर्णयाची दुसरी बाजू आहे: नवरा धर्मांतर करून गेलेला, पदरी लहान मूल, नातलगांच्या आश्रयानं काढलेली वर्षं आणि रडून रडून बिघडलेली तब्येत. गाडीतल्या साहेबाला यातलं काही दिसलेलं नाही. बोलणारा उतरून जातो. त्या बोलण्याची किंमत कधी कधी घरात बसलेलं माणूस मोजतं.

पुढे लक्ष्मीबाई टिळकांकडे नांदायला आल्या, पण लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. जातिभेद माणसानं केलेला आहे हे त्यांनी स्वतःच्या डोक्यानं ठरवलं आणि मगच, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला.