रंगीत काचेचा कारखानदार : विल्यम वेल्स



मुंबईंत कुलाब्याच्या दक्षिण टोकाकडे जातांना एक उंच, निमुळता मनोरा दृष्टीस पडतो. मुंबईकर ज्याला ‘अफगाण चर्च’ म्हणतात, त्या ख्रिस्ती मंदिराचा तो मनोरा. १८३८ ते १८४३ या वर्षांत सिंध व अफगाणिस्तान येथील मोहिमांत जे कामास आले, त्यांच्या स्मरणार्थ तें उभारलें गेलें. १८४७ सालीं पायाचा दगड बसला व १८५८ सालीं मंदिराचें उद्घाटन झालें. आंत जाऊन डोळे काळोखाला सरावले, कीं पूर्वेच्या व पश्चिमेच्या भिंतींतील मोठ्या खिडक्या आपलें लक्ष वेधून घेतात. तांबड्या, निळ्या, पिवळ्या काचांतून ऊन आंत येतें आणि फरसबंदीवर रंग सांडल्याचा भास होतो. संगमरवरी शिळांवर मृतांचीं नांवें कोरलेलीं आहेत. परंतु ह्या खिडक्या कोणीं केल्या, हें विचारणारा विरळाच. तें काम न्यूकॅसल येथील विल्यम वेल्स ह्याच्या कारखान्याचें. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

वेल्सचा जन्म १८०८ सालचा. तो घराण्यानें चित्रकार नव्हे, कीं कोणा आचार्याचा शिष्यही नव्हे. टाइन नदीच्या काठच्या न्यूकॅसल शहरांत त्याचा चहाचा व किराणा मालाचा व्यापार होता. मात्र तराजू हातीं असतांही मन दुसरीकडे ओढ घेत होतें. घरामागच्या अंगणांत त्यानें एक लहानशी भट्टी बांधली आणि मिन्याच्या शोभेच्या वस्तु भाजून तो त्या विकूं लागला. १८३० च्या सुमारास काचेवरील चित्रकाम शिकण्यासाठीं तो जर्मनीस गेला. १८३८ सालीं त्यानें रंगीत काचेचा स्वतःचा कारखाना काढला. वाण्याच्या पेढीवरून उठून देवळांच्या खिडक्या घडवावयास बसणें, हें धाडस सामान्य नव्हे.

हें काम कसें चालतें, तें थोडक्यांत पाहूं. प्रथम खिडकीच्या पुऱ्या मापाचा आराखडा कागदावर काढतात. त्याबरहुकूम निरनिराळ्या रंगांच्या काचा कापतात. हा रंग वरून दिलेला नसतो. काच वितळलेली असतांनाच तिच्यांत धातूंचीं भस्में मिसळलेलीं असतात. कोबाल्टनें निळा रंग येतो, तांब्यानें किंवा सोन्यानें तांबडा. मग मुद्रा, बोटें, वस्त्रांच्या चुण्या ह्यांच्या रेषा काळपट रंगानें काढतात. त्यांत लोखंडाचें किंवा तांब्याचें भस्म व काचेची बारीक पूड असते. भट्टींत भाजल्यावर ती रेषा काचेशीं एकजीव होते. रुप्याच्या क्षारानें काचेला पिवळी झांक आणतां येते. शेवटीं हे सारे तुकडे शिशाच्या पन्हळी पट्ट्यांत बसवून सांधे डाखाने जोडतात. म्हणजे एका खिडकीला आराखडा काढणारा, काच कापणारा, रेषा काढणारा, भट्टी सांभाळणारा व शिसें बसविणारा इतके हात लागतात. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

वेल्सला काळही अनुकूल मिळाला. इंग्लंडांत त्या वेळीं मध्ययुगीन गॉथिक शिल्पाचें पुनरुज्जीवन चाललें होतें. नवीं देवळें उठत होतीं, जुन्यांचा जीर्णोद्धार होत होता. शिवाय १८४५ सालीं सरकारनें काचेवरील जकात उठविली. ह्या गॉथिक पंथाचा अग्रणी प्यूजिन हा होय. १८४२ पासून तो आपल्या खिडक्या वेल्सकडे करवून घेऊं लागला. पण प्यूजिनचें समाधान करणें सोपें नव्हतें. तीनच वर्षांत त्यानें बर्मिंगहॅमच्या हार्डमनला काचेच्या धंद्यांत आणलें व आपलें काम तिकडे नेलें. एवढा मोठा आश्रयदाता दुरावल्यावर एखादा खचला असता. वेल्स खचला नाहीं. १८५१ सालच्या लंडनच्या महाप्रदर्शनांत ज्या पंचवीस कारखानदारांनीं रंगीत काच मांडली, त्यांत तो होता. १८५९ सालीं ग्लॉस्टर येथील कॅथीड्रलची पश्चिमेची भव्य खिडकी त्याच्या कारखान्यानें पुरी केली. भरभराटीच्या काळांत त्याच्या पदरीं ७६ माणसें होतीं.

येथें एक प्रश्न उभा राहतो. ज्या कारखान्यांत इतकीं माणसें राबतात, त्यांतून निघालेल्या कामाचें श्रेय कोणाचें? फ्रान्सिस ऑलिफंट नांवाचा कुशल चित्रकार वेल्सकडे आराखडे काढीत असे. पुढें कादंबरीकार म्हणून गाजलेल्या मार्गारेट ऑलिफंट हिचा तो पति. तो १८५९ सालीं रोममध्यें वारला. त्याचें नांव निदान ग्रंथांत तरी राहिलें. काच कापणाऱ्यांचें व भट्टीपुढें उभें राहणाऱ्यांचें तेंही नाहीं. टीकाकार म्हणतात कीं, अशा कारखान्यांत कलेचा व्यापार झाला. एकच मुद्रा, एकच वेल ठिकठिकाणीं उमटली. हा आक्षेप अगदींच खोटा नाहीं. परंतु मध्ययुगांतील ज्या खिडक्यांचे आपण गोडवे गातों, त्याही अनेक हातांच्याच होत्या, आणि त्यांच्यावरही बहुधा कोणाची सही नाहीं. वेल्सचें कर्तृत्व एका रेषेचें नव्हे. अनेक हात एका सुरांत लावण्याचें आहे. तें कमी मानण्याचें कारण मला दिसत नाहीं.

संपत्ति आली तशी हौसही वाढली. न्यूकॅसलसमोर नदीपलीकडे गेट्सहेड गांव आहे. तेथील सॉल्टवेल नांवाची जमीन घेऊन वेल्सनें बुरुजांचा, कंगोऱ्यांचा, विटांचा एक वाडा बांधला. सभोंवार बाग केली. वाडा पुरा होण्यास दहाहून अधिक वर्षें लागलीं. पण तो पुरा झाल्यावर थोड्याच काळांत मालकाचा हात आंखडला. वाडा व जमीन गेट्सहेडच्या नगरसंस्थेला ३५,००० पौंडांस विकावी लागली. १८७६ सालीं ती बाग सार्वजनिक उद्यान म्हणून लोकांना खुली झाली. वाड्यांत राहण्याची मुभा मात्र त्याला देण्यांत आली. आपण लावलेल्या झाडांखालीं गांवचीं मुलें खेळत आहेत, हें तो आपल्याच खिडकींतून पाहत असेल. १८८१ सालीं तो वारला. त्याला त्या दृश्याचा खेद वाटला कीं समाधान, हें कोणीं सांगावें? एवढें खरें कीं, जें त्यानें स्वतःसाठीं बांधलें तें सर्वांचें झालें, आणि उद्यान आजही लोकांचेंच आहे.

त्याच्या खिडक्यांचेंही तसेंच आहे. कुलाब्याचें मंदिर परक्या सत्तेनें आपल्या युद्धाच्या स्मरणार्थ उभारलें. ती सत्ता १९४७ सालीं गेली. तें युद्ध आतां इतिहासाच्या पानांत उरलें आहे. पण ऊन काचेवर आलें म्हणजे रंग अद्यापि तसेच खालीं उतरतात, आणि ते पाहणाऱ्याची जात, धर्म वा देश विचारीत नाहींत. पुन्हा कधीं त्या बाजूस गेलांत, तर घटकाभर आंत डोकवा; आणि शिळांवरील नांवें वाचून झाल्यावर, ज्यांचीं नांवें कोठेंच कोरलेलीं नाहींत त्या हातांचीही आठवण करा.