टाकून दिलेली अवजारे

बेळगावहून खानापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहराची गजबज मागे पडू लागते तेथे मच्छे हे गाव लागते. गावाच्या परिसरात औद्योगिक वसाहत आहे, आणि १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही येथेच आहे. बेळगावची फौंड्री प्रसिद्ध आहे. ओतकामासाठी प्रथम लाकडी पॅटर्न करतात, तो वाळूत दाबून साचा घेतात आणि मग त्यात वितळलेला धातू ओततात. पॅटर्न करणाऱ्या कारागिराजवळ रंधा असतो, पटाशी असते. ही पटाशी बनविणारा कारखाना बंद पडला, तरी त्याचे काम अडत नाही. तो तिला धार लावतो, मूठ झिजली तर दुसरी बसवितो, आणि पुढे तीच पटाशी मुलाच्या हाती देतो.

गेल्या चाळीस वर्षांत या कारागिराच्या शेजारी आणखी एक कारागीर येऊन बसला. तो म्हणजे कारखान्याचे पगारपत्रक, मालाची नोंद आणि विक्रीचा हिशेब यांसाठी संगणकाची आज्ञावली लिहिणारा प्रोग्रामर. त्याच्याही हाती अवजार असते. परंतु ते त्याचे स्वतःचे नसते. त्याला मिळते ती केवळ वापरण्याची परवानगी. या एका भेदातून पुढचा सारा इतिहास घडला.

या इतिहासाचा आरंभ अमेरिकेत होतो. वेन रॅटलिफ नावाच्या प्रोग्रामरने लिहिलेली नोंदींची प्रणाली ॲश्टन-टेट या कंपनीने १९८०च्या सुमारास ‘डीबेस’ या नावाने बाजारात आणली. साध्या शब्दांत आज्ञा द्यावी आणि संगणकाने हजारो नोंदींतून हवी ती काढून द्यावी, ही सोय तोवर लहान व्यापाऱ्याला ठाऊकच नव्हती. परंतु १९८८ साली आलेली तिची चौथी आवृत्ती दोषांनी भरलेली निघाली. वापरणाऱ्यांचा विश्वास उडाला, आणि १९९१ साली ती कंपनीच बोर्लंडने विकत घेतली. दरम्यान याच भाषेवर आधारलेली ‘क्लिपर’ आणि ‘फॉक्सप्रो’ ही अवजारे पुढे आली होती. भारतातील लहान कारखाने, सहकारी बँका, पतसंस्था आणि दुकाने यांच्या हिशेबाचा मोठा भाग त्यांवर उभा राहिला. १९९२ साली क्लिपर कॉम्प्युटर असोसिएट्सकडे गेले आणि फॉक्सप्रो मायक्रोसॉफ्टकडे. अवजाराचा धनी बदलताना ते वापरणाऱ्यास कोणी विचारले नाही.

मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे ‘व्हिज्युअल बेसिक’ १९९१ साली आले. १९९८ सालची त्याची सहावी आवृत्ती इतकी लोकप्रिय झाली, की अनेकांचे पोट तिच्यावरच चालू लागले. परंतु २००२ साली आलेली तिची उत्तराधिकारी नावापुरतीच तिची होती. जुनी आज्ञावली तिच्यात जशीच्या तशी चालेना. २००५ साली नियमित साहाय्य संपुष्टात येण्याच्या सुमारास शंभराहून अधिक नामांकित प्रोग्रामरांनी जुन्या भाषेचा विकास चालू ठेवावा, असा विनंती-अर्ज केला. तो मान्य झाला नाही. २००८ साली उरलेले साहाय्यही थांबले. २००७ साली फॉक्सप्रोची पुढील आवृत्ती निघणार नाही, असे जाहीर झाले, तेव्हा स्पॅनिश भाषिक प्रोग्रामरांनी चळवळ उभारून हजारो सह्या गोळा केल्या. तीही व्यर्थ गेली. २०१५च्या जानेवारीत फॉक्सप्रोचे साहाय्य कायमचे बंद झाले.

कंपनीची बाजू अगदीच पोकळ नव्हती. जुनी अवजारे एकट्या संगणकासाठी घडविलेली होती. महाजालाचे युग आल्यावर त्यांना सांभाळणे खर्चाचे होते. परंतु कारखान्याचा हिशेब कंपनीच्या सोयीने थांबत नाही. २००५ साली कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही मूल्यवर्धित कर आला. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला. दर वेळी आज्ञावली बदलावी लागली, आणि बदलणारी माणसे मात्र विरळ होत गेली. तरुणांना जुनी भाषा शिकण्यात भविष्य दिसेना. सीमाभागात आणखी एक अडचण होती. येथे एकाच गावात मराठी आणि कन्नड या दोन्ही लिप्यांचा व्यवहार आहे. परंतु जगातील सर्व लिप्यांना सामावून घेणारी युनिकोडची व्यवस्था फॉक्सप्रोने कधीच मुळातून स्वीकारली नाही. विशिष्ट फाँटच्या आधारे लिहिलेले नाव तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांची रांग होऊन बसे. पुढे २०२१ साली आलेल्या विंडोज ११ मध्ये तर डॉसच्या काळातील आज्ञावल्या थेट चालविण्याची सोयच उरली नाही.

मग या साऱ्यातून वाचले काय? वाचल्या त्या नोंदी. डीबेसच्या नोंदवहीची रचना इतकी साधी आणि सर्वज्ञात होती, की मूळ कंपनी गेली तरी दुसरी कितीतरी अवजारे ती वाचू शकतात. क्लिपरची भाषाही मेली नाही. १९९९ साली काही प्रोग्रामरांनी ‘हार्बर’ नावाचे तिचे खुले रूप घडविण्यास घेतले, आणि त्याची घडण कोणालाही पाहता व दुरुस्त करता येते. जे एकाच्या कुलपात होते ते त्याच्या मर्जीने संपले. जे अनेकांना ठाऊक होते ते टिकले.

मच्छेच्या विद्यापीठाशी जोडलेल्या महाविद्यालयांतून दरवर्षी नवे अभियंते बाहेर पडतात आणि त्यांतील कित्येक संगणकाची अवजारे हाती घेतात. अवजार किती वेगवान आहे, हे तर त्यांनी पाहावेच. परंतु ते देणारा उद्या निघून गेला तर आपल्या नोंदी आपल्याला वाचता येतील काय, आपल्या आज्ञावलीची मूळ प्रत आपल्यापाशी आहे काय, हेही आधीच पाहावे. फौंड्रीतला पॅटर्न करणारा कारागीर हा प्रश्न कधी विचारीत नाही, कारण त्याची पटाशी त्याच्याच पेटीत असते.