फुप्फुसाचा कर्करोग : केमोथेरपी-रेडिएशननंतरची शस्त्रक्रिया

फुप्फुसातील कर्करोग आसपास पसरल्यामुळे थेट शस्त्रक्रिया हिताची नसते, तेव्हा आधी केमोथेरपी, कधी जोडीला रेडिएशन देऊन मागाहून केली जाणारी शस्त्रक्रिया. ती मुख्यतः तिसऱ्या टप्प्यातील ‘नॉन-स्मॉल सेल’ कर्करोगात करतात. फुप्फुसाच्या कर्करोगांपैकी सुमारे ८५ टक्के या प्रकारचे असतात.

पार्श्वभूमी : सेंट लुइस येथे एव्हर्ट्स ग्रॅहम यांनी १९३३ मध्ये कर्करोगग्रस्त रुग्णाचे एक संपूर्ण फुप्फुस यशस्वीपणे काढले. मात्र दोन फुप्फुसांमधील लसीका ग्रंथींपर्यंत रोग पोहोचलेला असल्यास नुसत्या शस्त्रक्रियेनंतर तो बहुधा उलटे. म्हणून आधी औषधोपचार करण्याची पद्धत पुढे आली.

रुग्णाची निवड : उपचारांनंतर सीटी व पेट स्कॅन पुन्हा करतात. श्वासनलिकेतून दुर्बीण घालून किंवा मानेखाली छोटा छेद घेऊन ग्रंथींचे नमुने तपासतात. रोग इतर अवयवांत नसावा, गाठ पूर्ण निघण्याजोगी असावी आणि उरणाऱ्या फुप्फुसावर रुग्णाचा श्वास भागावा, या मुख्य अटी होत.

शस्त्रक्रिया : केमोथेरपी-रेडिएशन संपल्यावर साधारणपणे चार ते सहा आठवड्यांनी ती करतात. रेडिएशनमुळे ऊती घट्ट चिकटतात. रक्तवाहिन्या सोडवणे जिकिरीचे होते. श्वासनलिकेचे शिवलेले टोक नीट भरून न आल्यास तेथून हवा गळून छातीत पू होतो. ते टाळण्यासाठी बरगड्यांमधील स्नायूची पट्टी मुळापासून न तोडता त्या टोकावर गुंडाळून शिवतात.

परिणाम : अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत (२००९) केमो-रेडिएशननंतर शस्त्रक्रिया झालेल्यांचे मध्यम आयुर्मान २३.६ महिने, तर केवळ केमो-रेडिएशन घेतलेल्यांचे २२.२ महिने होते. हा फरक नगण्य. मात्र संपूर्ण फुप्फुस काढलेल्यांपैकी २६ टक्के रुग्ण शस्त्रक्रियेशी निगडित कारणांनी दगावले. एकच खंड काढलेल्यांत हे प्रमाण १ टक्का होते. फुप्फुसाच्या शिखरावरील पॅनकोस्ट गाठीत मात्र हा क्रम विशेष उपयोगी ठरला असून, गाठ पूर्ण निघालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण पाच वर्षे जगल्याची नोंद आहे.

केमोथेरपीला निव्होलुमॅब या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधाची जोड दिल्यावर चित्र पालटले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, काढलेल्या भागात जिवंत कर्कपेशी न उरलेल्या रुग्णांचे प्रमाण २४ टक्के होते. नुसत्या केमोथेरपीत ते २.२ टक्के होते.

गाठ आकसली एवढ्यावरून शस्त्रक्रिया ठरत नाही; ग्रंथींतील रोग गेला का आणि किती फुप्फुस काढावे लागेल, हेच निर्णायक असते. यासाठी पहिली केमो देण्यापूर्वीच शल्यचिकित्सक, केमोथेरपी व रेडिएशनचे तज्ज्ञ यांनी एकत्र बसून उपचारांचा क्रम ठरवणे अत्यावश्यक आहे.